पाया खोदण्याआधी रस्त्याच्या मध्यापासून टेप धरा

सोयाबीन-कापसाचे चार पैसे हाती आले की आपल्याकडे बांधकामाला जोर चढतो. कुणी गोठा बांधतो, कुणी गोदाम, तर कुणी दोन गाळे काढतो. जागा निवडताना मात्र एकच विचार असतो, रस्त्याला लागून पाहिजे. इथंच फसगत होते.

मागे एका गावात गोठ्याची जागा पाहायला गेलो होतो. महामार्गाच्या कडेला कंबरभर भिंती उठल्या होत्या. शेतकऱ्याला अंतराचं विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, जमीन माझ्या सातबाऱ्यावर हाय, मग अंतर सोडायचं कामून?" पुढं ते काम थांबलं. पाया, विटा, गवंड्याची मजुरी, सगळं मातीत गेलं. जमीन त्याचीच होती, पण बांधायची जागा चुकली.

सातबारा मालकी दाखवतो. त्या जमिनीत बांधकाम कुठं करायचं, याचे नियम वेगळे आहेत. रस्त्यालगत दोन रेषा धरल्या जातात. पहिली इमारत रेषा. तिच्या आत, रस्त्याच्या बाजूला, बांधकाम करायचं नाही. दुसरी नियंत्रण रेषा; या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात रस्त्याच्या विभागाची संमती घेऊनच बांधायचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८० च्या मानकाप्रमाणे गावाबाहेरच्या मोकळ्या भागात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गासाठी पहिली रेषा रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरवर, तर दुसरी ७५ मीटरवर येते. आपल्या हिशेबात सांगायचं तर ३३ फुटी साखळीनं सुमारे ४ साखळ्या आणि साडेसात साखळ्या. लक्षात ठेवा, माप डांबराच्या कडेपासून नाही, रस्त्याच्या मध्यापासून. कल्याण–निर्मल महामार्ग, म्हणजे पूर्वीचा २२२ आणि आताचा ६१ क्रमांकाचा, पाथरी, मानवत, परभणी असा जातो. त्याच्या काठच्या शेतकऱ्यांनी हे माप मनात पक्कं ठेवावं.

जिल्हा मार्ग आणि गावरस्ते यांना अंतर कमी लागतं, पण प्रत्येकाचं वेगळं. ऐकीव आकड्यावर पाया खोदू नका. सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, रस्ता ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून लेखी घ्या. परभणी महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत २०२० ची एकत्रित विकास नियमावली पाहावी लागते.

आता दोन गैरसमज. पहिला, "गोठ्याला एन.ए. लागत नाही, मग कुणाला विचारायचं?" १९६६ च्या महसूल संहितेत अवजारं, चारा, शेतमाल, जनावरं आणि शेतकऱ्याच्या कुटुंबाचं राहणं यासाठीची इमारत शेतइमारत धरली आहे, हे खरं. पण त्यानं रस्त्याचं अंतर माफ होत नाही. शिवाय गाळा किंवा धाबा ही शेतइमारत नव्हे. महामार्गावरून आत वळायला वाट काढायची तर त्यालाही महामार्ग विभागाची परवानगी लागते.

दुसरा, "नमुना ८ ला नोंद झाली, घरपट्टी भरली, म्हणजे बांधकाम कायदेशीर." तसं नाही. ती कर आकारणीची नोंद आहे, बांधकामाची परवानगी नव्हे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी नोंद घेतानाच हे समजावून सांगितलं, तर पुढचे तंटे टळतील.

हे अंतर अडवणुकीसाठी नाही. उद्या रस्ता रुंद झाला, तर परवानगीने आणि रेषेबाहेर केलेलं बांधकाम वाचण्याचा संभव जास्त. आणि संपादनात गेलंच, तर मोबदला मागताना हाती कागद असतो. वळणावर समोरचं वाहन दिसायला मोकळी जागा लागते. गोठा रस्त्याला खेटून असेल तर चाऱ्यावर धूळ बसते, आणि दावं तुटलेलं वासरू थेट ट्रकपुढं जातं. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. रस्त्याच्या नालीचं पाणी पायाशी मुरलं, तर भिंतीला तडा ठरलेलाच.

म्हणून एवढं करा. तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, चालू सातबारा आणि गट नकाशा घ्या. शिवरस्ता, पाणंद कुठून जाते ते पाहा. उसाची गाडी आणि मळणीयंत्र तिथूनच जायचं असतं. रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते विचारा. त्याच्याकडून दोन्ही रेषांचं अंतर लेखी घ्या. गवंड्यासमोर टेप धरून खुंट्या ठोका. मगच कुदळ मारा.

टेप धरायला अर्धा तास लागतो. चुकीच्या जागी उठलेली भिंत पाडायलाही फार वेळ लागत नाही, पण तिच्यात गेलेला हंगामाचा पैसा परत येत नाही.