यमुना

यमुना म्हणजे सूर्यकन्या, यमाची बहीण, भाऊबीज तिचीच. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'ची (१८५७) नायिका यमुना, हरिभाऊ आपट्यांची यमूहि तीच. पूर्वीं बहुतेक घरांत एखादी यमू असावयाचीच. मात्र लग्नांत ताटांतल्या तांदुळांवर अंगठीनें नवें नांव लिहिलें कीं माहेरची यमुना पुसली जाई! १८७३ सालीं कुर्लेकरांची यमुना रानड्यांची रमा झाली. दुसरी यमुना आनंदीबाई जोशी होऊन १८८६ सालीं अमेरिकेंत डॉक्टर झाली. हीं मूळ नांवें आज किती जणांस ठाऊक असतील, याची आम्हांस शंकाच आहे. आमच्या आजीस सासरीं कोणी यमू म्हटलें नाहीं. भाऊबीजेस येणारा तिचा भाऊ तेवढा म्हणे. तो वारल्यावर ती हांक आमच्या घरीं पुन्हां ऐकूं आली नाहीं.