कल्याणीचे वीरगळ आणि तांबडी पॉपी

बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांची कल्याणी, आणि कलबुर्गीतील मळखेड, म्हणजे राष्ट्रकूटांचे मान्यखेट, यांच्या मुलखात झुंजताना पडलेल्या वीरासाठी कोरीव शिळा, अर्थात वीरगळ, उभारण्याची जुनी रीत होती. या शिळेचे चित्रपट्ट खालून वर वाचायचे असतात : तळाशी ढाल-तलवारीची झुंज, कित्येकदा पळवलेली गुरे सोडवण्याची, मध्ये वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर, स्मृती अखंड राहावी म्हणून, चंद्र-सूर्य. ब्रिटनमध्ये १९२१ पासून युद्धात पडलेल्यांची स्मृती जपण्याचे हेच काम कोटावर लावलेली तांबडी पॉपी, खसखशीच्या कुळातील रानफूल, करते. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी उकरलेल्या फ्लँडर्सच्या मातीत दबलेले तिचे बी उजेड मिळताच रुजले होते. वीरगळांत साधे गावकरीही आहेत, म्हणूनच शेंदराखाली झाकलेले त्यांचे लेख तातडीने नोंदवले गेले पाहिजेत.