टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड वाढले का?

घाम आणि लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींना नळी असते. अंतःस्रावी ग्रंथींना ती नसते. त्या आपला स्राव थेट रक्तात सोडतात. त्यालाच आपण हार्मोन म्हणतो, शाळेच्या पुस्तकात संप्रेरक.

या ग्रंथींची मुकादम मेंदूच्या तळाशी बसते: वाटाण्याएवढी पीयूषिका. स्वादुपिंडाचे इन्सुलिन आता घरोघरी माहीत आहे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी घाबरल्यावर अ‍ॅड्रेनलीन सोडतात, म्हणून छाती धडधडते. पण पालकांकडून आम्हाला सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते गळ्यातल्या फुलपाखरासारख्या थायरॉइडबद्दल.

ही ग्रंथी अन्नातल्या आयोडीनपासून थायरॉक्सिन बनवते आणि शरीराच्या कामाची गती ठरवते. थायरॉक्सिन कमी पडले की वजन वाढते, थंडी सोसत नाही, केस गळतात, पाळी बिघडते, सारखी झोप येते. घरात अशा मुलीला सरळ कामचोर म्हणतात! रक्त तपासायचे कुणाला सुचत नाही.

रिपोर्ट आला की नवा गोंधळ. टीएसएच हे थायरॉइडचे नाही, पीयूषिकेचे हार्मोन. थायरॉइड मंदावली की मुकादम जास्त हाका मारतो, म्हणून टीएसएच वाढतो. म्हणजे बहुतेक वेळा वाढलेला आकडा थायरॉइड कमी पडल्याचे सांगतो.

रिश्ता ठरताना ही गोळी लपवली जाते, हे आम्ही पाहतो. मुलगी सासरी जाते, विचारणा नको म्हणून गोळी बंद करते. मग दिवस राहतात. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळाची थायरॉइड तयार नसते. त्याचा मेंदू आईच्या थायरॉक्सिनवरच वाढतो. म्हणून लपवायचे असेल तर दागिने लपवा, गोळी नको. रोज गोळी घेणारी मुलगी नेहमीसारखे आयुष्य जगते, तिला मुलंही होतात.

गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा निदान अर्ध्या तासाने. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब ठेवाव्यात. रमजानमध्ये वेळ सहरीआधीची की रात्री झोपतानाची, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. बाळ जन्मल्यावर टाचेतून थेंबभर रक्त घेऊन थायरॉइड तपासता येते; दवाखान्यातून निघण्याआधी ती तपासणी झाली का, ते विचारून घ्या.