उभ्या बेटावरची आडवी गावं

मदेरा बेटावर दोन गावांमधलं अंतर किलोमीटरमध्ये विचारून उपयोग नसतो. किती उतरायचं, ते विचारावं. प्राझेरेस आणि पाउल दु मार ही गावं नकाशावर एकमेकांना चिकटून दिसतात. प्रत्यक्षात एक कड्याच्या माथ्यावर, दुसरं त्याच्या पायथ्याशी समुद्राला लागून, आणि मध्ये सुमारे पाचशे मीटरचा खडा उतार. त्यावरून दगडी पाखाडी वळणं घेत खाली जाते. रस्ते नव्हते तेव्हा माणसं याच वाटांनी डोक्या-खांद्यावर ओझी घेऊन चढत-उतरत असत.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात, निम्म्याहून अधिक कोकणात झाली. मुलगी लिस्बनला असते म्हणून हे पोर्तुगीज बेट पाहण्यात आलं. लोक तिथे फुलांसाठी, वाइनसाठी, डोंगरवाटांसाठी जातात. मी मात्र भिंती, पाट आणि दरडी बघत हिंडलो. सवय जात नाही.

बेट आहे केवढं? लांबी 57 किलोमीटर, रुंदी 22. एवढ्याशा जागेत पीको रुईवू हे 1862 मीटरचं शिखर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून दोनशे मीटरनी उंच. सगळा मामला ज्वालामुखीचा. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, त्यामुळे सपाट जमीन औषधापुरतीच. पंधराव्या शतकात पोर्तुगीज आले तेव्हा इथे मनुष्यवस्ती नव्हती. ओढा समुद्राला मिळतो तिथे जरा पसरट जागा सापडली की चार घरं आणि एक चर्च उभं राही, आणि त्या चर्चच्या हद्दीत येणारी माणसं मिळून एक गाव होई. वसईकर ज्याला धर्मग्राम म्हणतील, तेच हे. पोर्तुगालात त्याच जुन्या हद्दी पुढे सरकारी झाल्या. आज प्रत्येक ‘फ्रेगेझिया’ला आपल्या ग्रामपंचायतीसारखं निवडून आलेलं मंडळ असतं. मदेरा आणि शेजारचं पोर्तु सांतु धरून अशी 54 गावं-वस्त्या आहेत, 11 नगरपालिकांत वाटलेल्या. यांतल्या काहींची लोकसंख्या आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढीच.

जाता जाता एक गंमत. बेटाची राजधानी फुंशाल इथे 1514 मध्ये बिशपचं पीठ स्थापन झालं आणि पोर्तुगीजांचे सगळे नवे मुलूख त्याच्या अखत्यारीत गेले. त्यात गोवाही होता. 1534 मध्ये गोव्याला स्वतंत्र पीठ मिळेपर्यंत मांडवीकाठच्या ख्रिस्ती माणसाचा बिशप कागदोपत्री या अटलांटिकमधल्या बेटावर बसलेला होता.

मुद्दा सपाट जागेचा. ती इथे मिळते कशी? बऱ्याचदा डोंगर कोसळून. कडा सुटला, माती-दगड खाली समुद्रात पडले, लाटांनी पुढचा भाग खाल्ला, उरलेल्यावर माणसाने मळा केला. अशा पट्टीला तिथे ‘फाजां’ म्हणतात. काही फाजां लाव्हा समुद्रात शिरून थिजल्याने झाल्या, पण दरडीतून झालेल्या पुष्कळ. आशादस दा क्रूझ या वायव्येकडच्या गावाखाली अशीच एक पट्टी आहे. साडेचारशे मीटर खाली भाजीचे छोटे छोटे वाफे, द्राक्षांचे वेल, दगडी खोपटं. शेतकऱ्याला तिथे जायला-यायला रोपवे केला आहे. पाळणा माथ्यावरून सुटतो तेव्हा तो पुढे जात नाही, जवळजवळ पडतोच. आता त्यात शेतकऱ्यांपेक्षा पर्यटक जास्त.

दक्षिणेकडे फाजां दुस पाद्रेस म्हणून दुसरी आहे, होडीने किंवा रोपवेनेच जाता येण्यासारखी. नावातले पाद्री जेझुइट. 1759 मध्ये पोर्तुगालने आपल्या सगळ्या मुलखांतून त्यांना हाकललं, गोव्यातूनही. तोवर ते इथे मालव्हासिया जातीची द्राक्षं पिकवत होते.

दरडीने दिलेली जमीन दरड परतही घेते. 1930 च्या मार्चमध्ये जवळच्याच काबु जिरांवच्या कड्याचा तुकडा समुद्रात कोसळला. त्याने उठलेल्या लाटेने कामरा द लोबुसच्या किनाऱ्यावरची माणसं ओढून नेली. फेब्रुवारी 2010 मध्ये ढगफुटीसारखा पाऊस झाला, ओढ्यांबरोबर चिखल-धोंडे खाली आले आणि चाळीसहून अधिक लोक दगावले. ओढ्याच्या मुखाशी घर बांधण्याची किंमत तीच. पण बांधणार तरी दुसरीकडे कुठे?

जिथे दरडीने जमीन दिली नाही तिथे माणसांनी केली. उतारावर काळ्या दगडांच्या बिनचुन्याच्या ताली रचायच्या आणि मागे माती भरायची. काही ठिकाणी शेताच्या रुंदीपेक्षा तालीची उंची जास्त. मदालेना दु मार आणि पोंता दु सोलच्या भागात या पायऱ्यांवर केळी आहे, समुद्राच्या अगदी डोक्यावर. (मदालेनाच्या लोकांकडून एक कथा हटकून ऐकायला मिळते. 1444 च्या वार्नाच्या लढाईत मेला असं सगळे समजत होते तो पोलंडचा राजा व्लाडिस्लाव म्हणे वेष पालटून इथे येऊन राहिला. इतिहासकार हसतात. गावाला फरक पडत नाही.)

या केळीला पाणी येतं कुठून? बेटाच्या उत्तर अंगाला ढग अडकतात, लॉरेलची जुनी जंगलं धुकं पिऊन घेतात. दक्षिणेला ऊन आणि टंचाई. म्हणून शेकडो वर्षांपासून उत्तरेचं आणि माथ्यावरचं पाणी दक्षिणेला नेणारे पाट खोदले गेले, त्यांना ‘लेवादा’ म्हणतात. उभ्या कड्यात दोरीवर लोंबकळून माणसांनी ते कोरले. सगळे मिळून दीड-दोन हजार किलोमीटर तरी पाट वाहतात. पर्यटक त्यांच्या कडेने चालतात. मला रस होता तो पाटकऱ्यात. तो आहे! प्रत्येक शेताची पाळी ठरलेली, तासांत मोजलेली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला एक गृहस्थ वाफ्याच्या तोंडाशी ओणवा झाला, दगडाची चपटी लादी उचलली, दुसऱ्या खाचेत बसवली, फटीत चिंधी आणि चिखल कोंबला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि वरच्या तालीकडे बघून हाळी दिली. कॅनॉलवर आमच्या माणसांनी हेच इतक्या वेळा केलेलं पाहिलं आहे की भाषेवाचून माझं अडलं नाही.

आता पुळण. मदेराला ती जवळजवळ नाहीच. किनाऱ्यावर नारळाएवढे काळे गोटे, लाट मागे सरली की एकमेकांवर आपटून गडगडतात. त्यावर अनवाणी चालणं म्हणजे शिक्षा. सेशालला काळ्या वाळूचा एक सुंदर तुकडा आहे, मागे हिरवा कडा. पोर्तु मोनीझला लाव्हाच्या खडकांत समुद्राचं पाणी साठून कुंडं झाली आहेत, त्यांत सगळं गाव डुंबतं. सोनेरी वाळूसाठी पोर्तु सांतुला बोटीने जावं, तिथे नऊ किलोमीटरची सलग पुळण आहे. बोटीने जाणं पटलं नाही म्हणून की काय, कालेता या गावाने वाळू विकत आणली, मोरोक्कोच्या बाजूची. दोन बाजूंनी दगडी बांध घालून मध्ये ती पसरली. मी नाक मुरडत गेलो होतो. पण बांधांची ठेवण अशी की लाटा बाहेर मोडतात आणि आत पोरं कंबरभर पाण्यात खेळतात. जमलेलं काम आहे.

न जमलेलं काम थोड्या अंतरावर लुगार द बायशुला आहे. उघड्या समुद्रात यॉटसाठी बंदर बांधलं. लाटांनी फोडलं, दुरुस्त केलं, पुन्हा फोडलं. कोट्यवधी युरो गेले आणि शेवटी ते सोडून दिलं.

हा पैसा आला कुठून? 1976 मध्ये बेटाला स्वायत्तता मिळाली, 1986 मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि बांधकामाचा पूर आला. बेटाच्या सरकारचे प्रमुख अल्बेर्तु जुआंव जार्दिम 1978 ते 2015 सत्तेत होते, त्यांच्या काळात शंभराच्या वर बोगदे निघाले. त्यांच्यावर टीका भरपूर झाली, पण पाउल दु मारच्या बाळंतिणीला विचारा. रस्ते-बोगद्यांआधी या गावांचा मुख्य मार्ग म्हणजे समुद्र, आणि समुद्र खवळला की गाव जवळजवळ बंद. डोंगरापलीकडे वाइन न्यायची तर बकऱ्याच्या कातड्याच्या पखाली पाठीवर टाकून माणसं रांगेने जात. पोटासाठी लोक व्हेनेझुएलाला, दक्षिण आफ्रिकेला गेले. काहींनी म्हातारपणी परत येऊन घरं बांधली, पुष्कळांची कुलपं तशीच आहेत. पोंता दु सोलने 2021 मध्ये लॅपटॉपवर काम करणाऱ्या परदेशी तरुणांना बोलावून घेतलं. खानावळी चालल्या, भाडी चढली. कोकणात मुंबईकरांनी केलं तेच.

माझा जीव अडकला तो जार्दिम दु मारमध्ये. दोनशेच्या आसपास वस्ती, गल्ल्या इतक्या अरुंद की मोटार गावाबाहेर ठेवायची. इथल्या लाटेवर सर्फिंग करायला जगभरचे लोक येत. या शतकाच्या सुरुवातीला सरकारने गावापुढे मोठी संरक्षक भिंत आणि त्यावर फिरायचा रस्ता बांधला. सर्फिंगवाले चिडले, आंदोलन केलं. ‘सेव्ह द वेव्हज’ ही संघटना 2003 मध्ये त्यातूनच निघाली. आता भरतीला पाणी भिंतीवर आपटून उलटतं आणि लाटेचा घाट बिघडतो.

भिंतीलगतच्या घरातल्या एका आजींचं मत वेगळं. पूर्वी हिवाळ्यात गोटे अंगणात येऊन पडत, आता झोप लागते, एवढंच त्या म्हणाल्या. धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांच्या पुष्कळ फायलींवर मी सह्या केल्या आहेत, त्यामुळे मला दोन्ही बाजू पटतात. भिंत हवीच होती. पण घरं वाचवायला लागते तेवढी. फिरायच्या रस्त्यासाठी ती समुद्रात इतकी पुढे नेण्याचं कारण नव्हतं. आराखडा माझ्या टेबलावर आला असता तर त्या रस्त्यावर मी लाल शाईने काट मारली असती.