बाटलीतला मनी प्लँट आणि कोरडा दिवस

ग्रामपंचायतीच्या कचेरीत जा, सोसायटीत जा, खिडकीत बाटलीतला मनी प्लँट दिसतोच. खर्च नाही, मातीचा पसारा नाही. पण पावसाळ्यात हीच बाटली डासांची रोपवाटिका होते. एका गावच्या कचेरीत आरोग्यसेविकेने ती उजेडासमोर धरली आणि शिपायाला म्हणाली, "मामा, हे बघा काय वळवळतंय!" गावाने कोरडा दिवस पाळावा म्हणून दवंडी देणाऱ्या कचेरीतच अळ्या निघाल्या.

डेंग्यूचा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून बाटलीचे पाणी दर आठवड्याला बदलावे. मात्र नुसते पाणी ओतून भागत नाही. मादी अंडी घालते ती पाण्याच्या कडेला, बाटलीच्या आतल्या अंगाला. ती सुकली तरी कित्येक महिने टिकतात. तेव्हा बाटली आतून ब्रशने खसखसून घासावी, मुळे धुवावीत आणि वेलाभोवती तोंडाला कापूस बसवावा. काढलेले पाणी कोरड्या मातीवर ओतावे.

हा वेल मूळचा प्रशांत महासागरातल्या मूरिया बेटाचा, अळू आणि सुरणाच्या भाऊबंदांतला. कच्च्या अळूसारखीच याच्या पानाने तोंडाची आग होते. लहान पोरांच्या हाती लागू देऊ नये. छाटलेले तुकडे शेळ्या-वासरांपुढे टाकू नयेत. ओढ्याकाठी तर नकोतच, तिथे ते रुजतात.

"चोरून आणला तरच लागतो," असे लोक म्हणतात. चोरा नाहीतर मागून आणा, डोळा नसेल तर काही फुटत नाही. उसाच्या टिपरीचे जे, तेच याचे. पानाच्या देठापाशी मुळाची तपकिरी गाठ असते, तिच्या थोडे खाली कापावे. पाण्यात बुडणारे पान काढून टाकावे, नाहीतर सडते. दोन-तीन आठवड्यांत मुळे दिसतात.

मग तो सरळ कुंडीत लावावा, हे उत्तम. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते नि मूळ कुजते. पोयटा, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. वरची इंचभर माती सुकल्यावरच पाणी द्यावे. "रोज पाणी घालतो, तरी पिवळा पडतो," अशी तक्रार येते. अहो, रोज घालता म्हणूनच पडतो! कडक ऊन नको, अंधारही नको. अंधारात पानांवरचे पिवळे पट्टे जातात, वेल नुसताच लांबतो. काथ्या गुंडाळलेल्या काठीवर चढवला की पान मोठे होते.

कुंडीखाली बशी असेल तर तिच्यातले पाणीही कोरड्या दिवशी ओतून, बशी घासून ठेवायची.