धावतं नाक, चालतं घड्याळ

पोराला सर्दी झाली की इंग्रजी बोलणारी आई म्हणते, 'नोज इज रनिंग.' नाक पळतंय! शाळेत हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, तोंड सोडून हे बिचारं पळणार तरी कुठे?

पण इंग्रजीत काय पळत नाही? नदी पळते, गाडी पळते, दुकान पळतं, कपड्याचा रंग पळतो, सिनेमा महिनाभर पळतो, टक्कल घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पळत राहतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाचे संपादक पीटर गिलिव्हर 'रन' या एका क्रियापदाशी नऊ महिने झुंजले आणि त्याचे ६४५ अर्थ वेगळे काढले. त्याआधी सर्वाधिक अर्थांचा मान 'सेट'कडे होता. कारखाने आले, आगगाड्या आल्या, मग संगणक आले, आणि प्रत्येक नवं यंत्र 'रन'च्याच गळ्यात पडत गेलं.

आपल्याकडे यातली निम्मी कामं 'चालणे' करतं. घड्याळ चालतं, दुकान चालतं, पंखा चालू होतो, नाटकाची तालीम चालू असते. इंग्रज जे पळवतो ते आपण चालवतो. होकारसुद्धा 'चालेल' असाच देतो.

आता हाच 'रन' फिलिपिन्सच्या टागालोग भाषेत नेऊन पाहा. धावणं म्हणजे 'तक्बो'. 'धावला' म्हणायचं तर शब्दाच्या मागेपुढे काही जोडत नाहीत, चक्क त्याच्या पोटात 'उम' घालतात: 'तुमक्बो'. धावणं अजून चालू असेल तर पहिलं अक्षर आधी दुप्पट होतं, 'तातक्बो', आणि मग त्यात तोच 'उम': 'तुमातक्बो'. धाप लागल्यासारखाच शब्द! पुढे गंमत वाढते. 'इतिनक्बो' म्हणजे घेऊन धावले. पेशंटला धावतपळत हॉस्पिटलात नेला तरी हेच, चोर पिशवी घेऊन पळाला तरी हेच. 'तिनक्बुहान' म्हणजे ज्याला टांग मारून कुणी पळालं तो. उधारी बुडालेल्या दुकानदाराचं अख्खं दुःख या एका शब्दात मावतं.

नाक मात्र तिथे पळत नाही. त्याला 'तुलो' लागतो, आणि छप्पर गळतं, नळ गळतो, त्यालाही 'तुलो'च. म्हणजे थेट आपलं 'गळणे'. नदीसाठी वेगळा 'आगोस', तांदूळ संपले तर 'उबोस', गाडीखाली कुणी आलं तर 'सागासा'.

एका ठिकाणी तर टागालोगने आपल्यालाही मागे टाकलंय. शेजारच्यांचा मुलगा 'पळून गेला' असं कळलं की मराठी माणसाला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो: घरातून, तुरुंगातून की मुलीबरोबर? टागालोगमध्ये ही चौकशी लागत नाही. रुसून घर सोडलं तर 'लायास', कैदेतून निसटला तर 'ताकास', आणि लग्नासाठी दोघं मिळून गेले तर 'तानान'. बातमी आणि तपशील एकदमच हाती येतात.

मला सगळ्यात नवल वाटलं ते इंजिनाचं. सुरू असलेलं इंजिन टागालोगमध्ये 'उमाआंदार'. यातला 'आंदार' स्पॅनिश आहे. १५६५ ते १८९८ स्पेनचं राज्य होतं, तेव्हा मागे राहून गेलेला. स्पॅनिशमध्ये त्याचा मूळ अर्थ काय? चालणे! म्हणजे मनिलातली जीपनी नावाची प्रवासी गाडी आणि साताऱ्यातली एसटी, दोघी 'चालतात'. पळते ती फक्त इंग्रजाची.

निवडणुकीत मात्र टागालोग अमेरिकेसारखी बोलते. अमेरिकेत उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमध्ये तो 'स्टँड' करतो. मराठीत? निवडणुकीला 'उभा राहतो'. टागालोगमध्ये? 'तुमातक्बो', धावतोय. स्पेननंतर फिलिपिन्सवर अमेरिकेचं राज्य आलं, तिथल्या पहिल्या विधानसभेची निवडणूक १९०७ साली त्याच राज्यात झाली. मतपेटी ज्याने आणली त्याचंच क्रियापद दोन्हीकडे रुजलं असावं, असा माझा अंदाज. भाषेच्या अभ्यासकांनी तो जरूर तपासावा.

अमेरिकेने ४ जुलै १९४६ रोजी फिलिपिन्स सोडलं आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी भारत. तिकडचे उमेदवार अजून धावताहेत, आपले अजून उभेच आहेत.