मुलाला ‘चोर’ म्हणण्यापूर्वी

पाकिटातली शंभराची नोट कमी होते. आधी वाटते, आपणच कुठेतरी खर्च केली असेल. मग पुन्हा एकदा कमी होते. संशय भांडी घासायला येणाऱ्या बाईवर जातो, कधी पाहुण्यावर. आणि एक दिवस पैसे आपल्याच मुलाच्या दप्तरात सापडतात. त्या वेळी आईबापांना पैशांपेक्षा ‘आमच्या तरबियतमध्ये काय कमी पडले?’ हा प्रश्न जास्त खातो. लाजेपाठोपाठ राग येतो आणि तोंडातून शब्द निघतो, ‘चोर!’

हाच शब्द आधी आवरायला हवा.

सूरह यूसुफमधला प्रसंग आठवा. धाकट्या भावाच्या सामानात पेला सापडताच सावत्र भाऊ म्हणाले की याने चोरी केली असेल तर नवल नाही, याच्या भावानेही पूर्वी चोरी केली होती. ज्यांच्याविषयी ते बोलत होते, ते हजरत यूसुफ (अलै.) समोरच होते. त्यांनी ही गोष्ट मनातच ठेवली. इतकी वर्षे उलटूनही भावांच्या तोंडातून तो आरोप गेला नव्हता. आपल्या घरांतही असेच घडते. मुलाच्या हातून एकदा चूक होते आणि नंतर घरात काहीही हरवले की सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. मग सुधारून तरी काय उपयोग, असे त्याला वाटू लागते.

मूल सज्ञान होईपर्यंत त्याच्या कर्मांची नोंद होत नाही, अशा आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. याचा अर्थ दुर्लक्ष करावे असा नाही. हा काळ शिकवण्यासाठी दिलेला आहे.

आधी कारण शोधा

चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘माझे’ आणि ‘दुसऱ्याचे’ यातला फरक पुरता कळत नाही. वस्तू परत करायला लावणे, एवढे पुरते. आठ-दहा वर्षांचे मूल मित्रांच्या हातात जे दिसते त्यासाठी पैसे उचलते, किंवा घरात कोणाचे लक्ष नाही म्हणून. त्याहून मोठ्या मुलांच्या बाबतीत मोबाइल गेम, तंबाखू-गुटखा, वाईट संगत किंवा कोणाची धमकीही असू शकते. आता पाकिटाला हात लावण्याचीही गरज नाही. अब्बांच्या मोबाइलचा पिन माहीत असला की झाले.

माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई मोहल्ल्यातल्या बायकांची भिशी सांभाळत असे. तिच्या पेटीतून बाराशे रुपये गेले. पैसा दुसऱ्यांचा, म्हणजे अमानत. वडील आखाती देशात नोकरीला. ते फोनवर ओरडले, मामाने मारले, मुलगा मात्र गप्प. चार दिवसांनी त्याने शाळेत सांगितले की वरच्या वर्गातली मुले गेमसाठी पैसे मागत होती, आणि नाही म्हटले तर मारण्याची धमकी देत होती. मारण्याआधी कोणीतरी शांतपणे विचारले असते, तर हे घरीच कळले असते.

तौबाची वाट

तौबा कशी करावी हे आपल्याला ठाऊक आहे: चूक थांबवणे, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा इरादा, आणि मामला बंद्याच्या हक्काचा असेल तर तो हक्क परत करणे. मुलासाठीही हीच वाट आहे.

थांबवणे: पैसे कुलपात ठेवा, मोबाइलचा पिन बदला, पण टोमणे न मारता.

पश्चात्ताप: एकांतात बोला. ठाऊक असताना ‘तू घेतलेस का?’ असे विचारून खोटे बोलायला भाग पाडू नका. ‘पैसे तू घेतलेस हे मला कळले आहे, कशासाठी लागले ते सांग,’ असे म्हणा. घाबरलेल्या मुलाला कुरआनवर हात ठेवून कसम खायला लावू नका. चोर शोधायला आमिलकडेही जाऊ नका.

इरादा: थोडी का होईना, ठरलेली खर्ची द्या आणि तिचा हिशेब त्यालाच लिहू द्या. कारण दूर झाले नाही तर इरादा टिकत नाही.

परतफेड: ही पायरी सोडू नका. भिशीवाल्या आईने आधी पदरचे पैसे घालून भिशी पूर्ण केली. मुलाने आपल्या खर्चीतून आणि ईदीतून ती रक्कम आईला फेडली. शाळेने त्या मोठ्या मुलांच्या पालकांना बोलावले. भिशीतल्या एकाही बाईला मुलाचे नाव कळले नाही. दुसऱ्याच्या ऐबावर पडदा टाकण्याची जी शिकवण आपल्याला आहे, ती आपल्या लेकरालाही लागू आहे.

घरकामाच्या बाईवर किंवा सुनेवर खोटा संशय घेतला असेल, तर मुलासमोर तिची माफी मागा. न्याय म्हणजे काय, हे त्याला त्यातून कळेल.

मदत कधी घ्यावी?

समजावूनही चोरी थांबत नसेल, सोबत शाळा बुडवणे, मारामाऱ्या, घरातून पळणे किंवा नशेची लक्षणे असतील, तर लाज बाळगू नका. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे जा किंवा टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला. मूल कोणाच्या दबावाखाली किंवा धोक्यात असेल, तर 1098 हा बालमदत क्रमांक आहे.

परतफेड पूर्ण झाली की तो विषय बंद करा. भांडणात, पाहुण्यांसमोर, लग्नकार्यात पुन्हा काढू नका. आणि काही दिवसांनी त्याच्याच हाती पैसे देऊन त्याला बाजारात पाठवा. आपल्यावर विश्वास ठेवला जातो हे कळल्याशिवाय मूल अमानत सांभाळायला शिकत नाही.

अल्लाह आपल्या लेकरांना अमानतदार बनवो आणि आपल्याला सब्र देवो. आमीन.